पाण्याकाठचे घर आणि किनाऱ्याचा हक्क : वाचकांचे प्रश्न

हिवाळा ओसरू लागला की मिशिगन राज्यात घरविक्रीच्या पाट्या दिसू लागतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळच्या पत्रांपैकी बरीच तलावाकाठच्या घरांविषयी होती. त्यांतील चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. उत्तरांतील कायदेशीर तपशील मिशिगनचे आहेत; सीमेपलीकडील इंडियाना, ओहायो किंवा विस्कॉन्सिनमध्ये घर पाहणाऱ्या वाचकांनी ते जसेच्या तसे लागू करू नयेत.

प्रश्न : आम्ही नोव्हाय येथे भाड्याने राहतो. मुले नऊ आणि सहा वर्षांची आहेत, आणि माझे सासू-सासरे दर उन्हाळ्यात पुण्याहून येऊन आमच्याकडे राहतात. ओकलंड काउंटीतील एकाच तळ्याभोवतीची दोन घरे आम्हाला आवडली आहेत. पहिले थेट पाण्यालगत आहे, पण जुने आणि लहान आहे. दुसरे दोन गल्ल्या मागे आहे. ते ऐसपैस आहे, किंमत बरीच कमी आहे आणि जाहिरातीत ‘लेक प्रिव्हिलेजेस, खासगी बीच, बोटीची सोय’ असे लिहिले आहे. दोन्ही घरांतून मुलांना पोहायला मिळणार असेल, तर पहिल्यासाठी जास्त पैसे का मोजावेत? वसाहत निवडताना आणखी काय पाहावे?

उत्तर : पोहायला दोन्ही घरांतून बहुधा मिळेल, पण दोन्ही घरांचा हक्क सारखा नाही, आणि किमतीतील अंतर बऱ्याच अंशी त्या हक्काचेच आहे. मिशिगनच्या अंतर्गत तळ्यांच्या बाबतीत काठाला लागून असलेल्या जमिनीचा मालक साधारणपणे पाण्याखालच्या जमिनीचाही, तळ्याच्या मध्यापर्यंत, मालक असतो. स्वतःच्या काठाला डॉक, म्हणजे बोटीसाठीचा धक्का, लावणे, तेथे बोट बांधून ठेवणे आणि तळ्याच्या पृष्ठभागावर सर्वत्र होडी चालवणे, पोहणे किंवा मासे धरणे हे हक्क त्या मालकीबरोबरच येतात. मागच्या गल्लीतील घराला यांपैकी जे मिळते ते कुणीतरी, कधीतरी कागदावर लिहून दिलेले असते, आणि लिहून दिले असेल तेवढेच मिळते.

म्हणून जाहिरातीतील ओळ बाजूला ठेवून काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्स कार्यालयात नोंदलेले कागद मागवावेत. ओकलंड काउंटीतील अनेक तळ्यांभोवतीच्या वसाहती डेट्रॉइटच्या लोकांच्या उन्हाळी कॉटेजसाठी पाडल्या गेल्या, आणि भूखंडांचा जो नकाशा त्या वेळी नोंदला गेला, ज्याला येथे प्लॅट म्हणतात, त्यातच काठावरची एखादी पट्टी ‘या वसाहतीतील सर्व भूखंडधारकांच्या वापरासाठी’ राखून ठेवलेली आढळते. तुमच्या घराचा भूखंड त्याच प्लॅटमध्ये असेल तर हक्क भक्कम समजावा, कारण तो घराबरोबर चालत येतो. काही ठिकाणी प्लॅटमध्ये असे काही नसते, पण काठावरच्या एखाद्या मालकाने मागच्या विशिष्ट भूखंडांना ईझमेंट, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वहिवाटीचा हक्क, लिहून दिलेला असतो. तो हक्क प्रत्येक खरेदीखतात पुढे उतरत आला आहे का, हे मालकीची साखळी तपासूनच कळते. आणखी काही वसाहतींत किनारा घरमालकांच्या असोसिएशनच्या नावावर असतो आणि घरमालक वर्गणी भरून सदस्य होतो. तेथे नियम सभेत बदलू शकतात, हे ध्यानात ठेवावे. सर्वांत दुबळा प्रकार म्हणजे रस्ता जेथे पाण्यापाशी संपतो ती जागा. तिला एखाद्या एजंटने उत्साहाच्या भरात खासगी बीच म्हटले, तरी ती सार्वजनिक असते आणि तुमच्या घरामुळे तेथे तुम्हाला काही अधिकचे मिळत नाही. २०१२ च्या राज्य कायद्यानुसार अशा सार्वजनिक रस्त्याच्या टोकाला, मूळ दस्तऐवजात स्पष्ट परवानगी नसेल तर, रात्रभर बोट बांधून ठेवता येत नाही.

जाहिरातीतील ‘बोटीची सोय’ या शब्दांवर सर्वाधिक वेळ खर्च करावा, कारण मागच्या घरांचे तंटे बहुतेक वेळा येथेच उपजतात. पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क म्हणजे डॉक लावण्याचा हक्क नव्हे. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये थीज विरुद्ध हाउलँड या खटल्यात हीच भूमिका घेतली. काठावरची पाऊलवाट सर्वांना वापरायला दिली असली, तरी ती देणाऱ्याच्या मनात डॉक आणि कायमच्या बोटी होत्या असे दस्तऐवजावरून दिसत नसेल, तर मागच्या भूखंडधारकांना त्या लावता येणार नाहीत. त्यामुळे असोसिएशनला लेखी विचारावे की बोटीच्या जागा एकूण किती आहेत, प्रतीक्षा यादी किती लांब आहे, जागा घराला जोडलेली आहे की व्यक्तीला, आणि घर विकले गेल्यावर ती नव्या मालकाकडे जाते की यादीतील पुढच्या माणसाकडे. विकणाऱ्याची बोट आज तेथे उभी आहे, एवढ्यावरून तुमची बोट उद्या तेथे उभी राहील असे ठरत नाही. काही टाउनशिपनी, म्हणजे काउंटीखालच्या स्थानिक प्रशासनांनी, तर काठाच्या एका भूखंडातून किती मागच्या घरांना पाण्यापर्यंत वाट देता येईल यावरच मर्यादा घातल्या आहेत. जुनी वाट त्यातून सुटलेली असते; नव्याने कबूल केलेली वाट सुटेलच असे नाही.

कागद हाती आले की टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकीहक्क तपासून त्याचा विमा देणाऱ्या कंपनीकडून, एक गोष्ट आवर्जून करून घ्यावी. टायटल विम्याच्या पॉलिसीत मिळकतीचे जे वर्णन असते त्यात घराच्या भूखंडाबरोबर किनाऱ्याचा हक्कही लिहून घ्यावा. तो तेथे नसेल तर पॉलिसी फक्त घराचा भूखंड सांभाळते, आणि उद्या किनाऱ्यावर वाद झाला तर कंपनी हात वर करते. टायटल कंपनीने तो हक्क लिहून देण्यास नकार दिला, तर तिला कागदांत काहीतरी खटकले आहे असे समजून व्यवहार पुढे नेण्याआधी रिअल इस्टेट वकिलाला गाठावे. या टप्प्यावर वकिलाचे शुल्क वाचवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता वसाहतीविषयी. एकाच तळ्याचे दोन काठ वेगवेगळ्या शहरांत आणि वेगवेगळ्या शाळा-जिल्ह्यांत असू शकतात. तुमच्या परिचयाचे वॉल्ड लेक हे तळेच पाहा. त्याचा काही काठ नोव्हाय शहरात आहे आणि काही वॉल्ड लेक शहरात. टपालाच्या पत्त्यावरून शाळा ठरवू नये, शाळा-जिल्ह्याच्या कार्यालयातून खात्री करून घ्यावी. शाळेसाठी नोव्हायमध्ये भाड्याने राहिलेले आणि नंतर घर मात्र भलत्या जिल्ह्यात घेतलेले कुटुंब आपल्या मंडळींत दुर्मीळ नाही.

त्यानंतर तळ्याचा स्वभाव पाहावा. ज्याला येथे ऑल-स्पोर्ट्स लेक म्हणतात, तेथे वेगाने मोटरबोट चालवणे आणि तिच्यामागे दोरीने स्कीवर किंवा ट्यूबवर जाणे चालते; नो-वेक तळ्यावर बोटी संथ चालतात. किमतीच्या दृष्टीने पहिला प्रकार वरचढ धरला जातो. सहा वर्षांचे मूल पोहायला शिकत असेल आणि आजी-आजोबा काठावर बसणार असतील, तर मी दुसरा प्रकार निवडेन. कॅस लेकसारख्या मोठ्या तळ्यावर डॉज नंबर फोर हे राज्य उद्यान आणि सार्वजनिक बोट-उतार आहे. तेथे जुलैतल्या शनिवारी दुपारी पाण्यावर जी वर्दळ असते, ती एप्रिलमध्ये घर पाहायला गेलेल्या माणसाच्या कल्पनेत येत नाही. वाहन नोंदणीच्या वेळी रिक्रिएशन पासपोर्ट घेतला असेल तर राज्य उद्यानात गाडीने प्रवेश मिळतो. तेव्हा अशा तळ्याकाठचे घर घेण्याआधी एक शनिवार तेथे काढून पाहणे सहज शक्य आहे.

पाण्याची तपासणी हा विषय घर दाखवणारे लोक टाळतात, म्हणून तो थोडा सविस्तर लिहितो. उन्हाळ्यात सार्वजनिक किनाऱ्यांवरील पाण्यात ई-कोलाय जिवाणूंचे प्रमाण मोजले जाते, आणि एका दिवसाच्या नमुन्यांची भूमितीय सरासरी १०० मिलिलिटरमागे ३०० च्या वर गेली की पोहण्याचा मानक ओलांडला जातो. निकाल राज्याच्या बीचगार्ड या संकेतस्थळावर पाहता येतात. वसाहतीच्या खासगी किनाऱ्याची अशी तपासणी सर्वत्र होतेच असे नाही. त्यामुळे असोसिएशन स्वतः नमुने पाठवते का, हे विचारावे, आणि त्याच तळ्यावरील सार्वजनिक किनाऱ्याचे मागील काही वर्षांचे निकाल पाहावेत. मोठ्या पावसानंतर आणि कॅनडा गीज या हंसांचे थवे गवतावर मुक्कामाला असताना आकडे चढतात. गोगलगायी आणि पाणपक्षी यांच्यावर जगणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीमुळे पोहणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटते. तो प्रकार धोकादायक नाही, पण मुलांचा आठवडा वाया जातो. घरात मासे खाणारे असतील तर राज्याच्या आरोग्य विभागाची ईट सेफ फिश ही मार्गदर्शिका त्या तळ्यापुरती पाहून घ्यावी. ह्युरॉन नदीच्या खोऱ्यात पीएफएएस रसायनांमुळे २०१८ मध्ये मासे खाऊ नयेत अशी सूचना निघाली होती, आणि तिच्या कक्षेत केन्ट लेकही आले होते. केन्सिंग्टन मेट्रोपार्कमध्ये सहलीला जाणारी बरीच मराठी कुटुंबे याच केन्ट लेकच्या काठावर बसतात.

तळ कसा आहे, हे अनवाणी पाण्यात उतरूनच कळते. वरवर दिसणारी वाळू बहुधा बाहेरून आणून टाकलेली असते आणि चार पावलांवर गुडघाभर गाळ लागतो. नवी वाळू पाण्यात टाकायची असेल तर राज्याच्या पर्यावरण विभागाची परवानगी लागते. म्हणजे घर घेतल्यावर पुढच्या उन्हाळ्यात ‘बघू, दुरुस्त करू’ हे इतके सोपे नसते. झेब्रा शिंपल्यांची धारदार टरफले असलेल्या तळ्यांत मुलांना पायात रबरी बूट घालूनच उतरवावे लागते. येथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे सुटलेले शेवाळ आणि पाणवनस्पती पूर्वेच्या काठाला येऊन साचतात. सूर्यास्त मात्र त्याच काठावरून दिसतो, आणि जाहिरातीत छायाचित्रही त्याचेच असते.

सेप्टिक टाकीविषयी एवढेच लिहितो की मिशिगनमध्ये तिच्यासाठी साऱ्या राज्याला लागू होणारी एकच संहिता नाही. वॉशटेनॉसारख्या काउंटीत घर विकताना टाकीची आणि विहिरीची तपासणी सक्तीची आहे, सगळीकडे तशी नाही. घर सांडपाण्याच्या सार्वजनिक वाहिनीला जोडलेले नसेल तर तपासणीचा खर्च स्वतः करावा, आणि शेजारच्या जुन्या कॉटेजेसचे सांडपाणी कुठे जाते याचीही चौकशी करावी. कारण तळे सर्वांचे एकच असते.

शेवटी असोसिएशनच्या मागील तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्ते मागून वाचावीत. पुण्याच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती भाषा ओळखीची वाटेल. पार्किंगच्या जागी बोटीची जागा आणि पाण्याच्या टाकीच्या जागी पाणवनस्पतींवरची फवारणी असते एवढेच. अशा फवारणीसाठी आणि पाण्याची पातळी राखण्यासाठी तळ्याभोवतीच्या घरांवर विशेष आकारणी बसवली जाते, आणि ती बहुधा मागच्या गल्लीतील हक्कधारक घरांनाही थोडीफार भरावी लागते.

तुमच्या दोन घरांपैकी निवड करायची तर, दुसऱ्या घराचा हक्क प्लॅटमध्ये किंवा खरेदीखतात सापडला आणि टायटल कंपनीने तो लिहून दिला, तर मी दुसरेच घर घेईन. बोट बांधणे हे तुमच्या पत्रात कुठेही स्वप्न म्हणून आलेले नाही; पोहणे आणि ज्येष्ठांचे काठावर बसणे आले आहे, आणि त्यासाठी काठाची किंमत मोजण्याची गरज नाही. मात्र घरापासून किनाऱ्यापर्यंत सासऱ्यांबरोबर एकदा चालून पाहावे. दोन गल्ल्या म्हणजे चढ किती, शेवटी पायऱ्या किती आणि बसायला सावलीत बाक आहे का, हे नकाशावर दिसत नाही.

प्रश्न : आम्ही ग्रँड रॅपिड्सला राहतो आणि मुले आता कॉलेजात गेली आहेत. साउथ हेवनच्या जवळ, लेक मिशिगनच्या काठी, उंच कड्यावर एक घर पाहिले. खाली रुंद पुळण आहे आणि लाकडी जिना थेट तिथपर्यंत उतरतो. विकणारे गृहस्थ म्हणतात की पुळण त्यांच्या मालकीची आहे आणि पाणी कधी एवढे वर आले नाही. हे घर घ्यावे का?

उत्तर : त्यांची दोन्ही विधाने तपासून घेण्यासारखी आहेत. आधी पाण्याचे पाहू. लेक मिशिगन आणि लेक ह्युरॉन ही सरोवरे मॅकिनॉच्या सामुद्रधुनीने जोडलेली असल्यामुळे त्यांची पातळी एकच असते, आणि ती पाऊस, बर्फ आणि बाष्पीभवन यांच्या हिशेबावर वर्षानुवर्षे वर-खाली होते. धरणाच्या दरवाज्यासारखी ती कुणाच्या हातात नाही. जानेवारी २०१३ मध्ये नोंदींच्या इतिहासातील नीचांक झाला आणि २०२० च्या उन्हाळ्यात पाणी त्याहून सुमारे सहा फूट वर होते. सात वर्षांतला हा फरक आहे. ज्या पुळणीवर २०१३ मध्ये लोक व्हॉलीबॉल खेळत होते, तेथे २०२० मध्ये लाटा कड्याच्या पायथ्याला लागत होत्या, जिने वाहून गेले होते आणि डिसेंबर २०१९ च्या अखेरच्या दिवशी मस्केगॉन काउंटीत एक अख्खे घर कड्यावरून खाली आले. त्याआधी १९८६ मध्येही असाच उच्चांक झाला होता. तेव्हा उपग्रहचित्रांच्या जुन्या नोंदींत त्या घराची २०१३ ची आणि २०२० ची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत, आणि कड्याची कडा घरापासून किती फूट मागे सरकली ते मोजावे. आर्मी कोअर ऑफ इंजिनीअर्सचे डेट्रॉइट कार्यालय दरमहा पातळीचे आकडे प्रसिद्ध करते. आज पाणी सरासरीच्या खाली आहे की वर, हे पाहिल्याशिवाय पुळणीच्या रुंदीवर विश्वास ठेवू नये.

ज्या किनाऱ्यावर कडा दीर्घकालीन सरासरीने वर्षाला एक फूट किंवा अधिक मागे हटते, तो पट्टा राज्य सरकार उच्च धूप-जोखमीचे क्षेत्र म्हणून घोषित करते आणि तेथे नवे बांधकाम किंवा मोठा विस्तार कड्यापासून ठरावीक अंतर मागेच करता येतो. तुमचे घर त्या पट्ट्यात आहे का, आणि भूखंडाला मागे सरकायला जागा आहे का, हे दोन प्रश्न माझ्या मते घराच्या स्वयंपाकघरापेक्षा महत्त्वाचे आहेत. मागे खोल भूखंड असेल तर घर जॅक लावून मागे नेता येते. रस्त्याला चिकटलेल्या भूखंडावर तो मार्ग बंद असतो. पायथ्याशी दगडांचा बांध घालण्याची परवानगी मिळू शकते, पण खर्च मोठा असतो, आणि असा बांध अनेकदा शेजाऱ्याच्या किनाऱ्याची धूप वाढवतो. नेहमीच्या घरविम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमाची पॉलिसी कर्जाच्या व्यवहाराबरोबर घेतली नाही, तर ती सामान्यतः तीस दिवसांनी लागू होते आणि घराच्या इमारतीसाठी तिची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. जमिनीला विमा नसतो. जेथे जमीनच सरोवरात जाते, तेथे ही गोष्ट लहान नाही.

आता पुळणीची मालकी. गुहागरला किंवा काणकोणला वाढलेल्या माणसाला पुळण कुणाची खासगी असू शकते हेच पटत नाही, आणि या एका बाबतीत मिशिगनचे न्यायालय अर्ध्या वाटेवर त्याच्याशी सहमत आहे. ग्लास विरुद्ध गॉकल या २००५ च्या निकालाप्रमाणे महासरोवरांच्या किनाऱ्यावर सामान्य उच्च जलरेषेच्या, म्हणजे पाणी नेहमी जेथवर चढून खूण ठेवते त्या रेषेच्या, खालच्या पट्ट्यातून चालण्याचा हक्क सर्व जनतेला आहे, मग खरेदीखतात मालकी पाण्यापर्यंत लिहिलेली का असेना. म्हणजे तुमच्या घरासमोरून लोक चालत जातील आणि त्यांना अडवता येणार नाही. त्यांनी तेथे चटई अंथरून दुपार काढणे हा वेगळा प्रश्न आहे. त्या निकालाने चालण्याचा हक्क मान्य केला, मुक्काम करण्याचा नव्हे. शेजारच्या इंडियानाने २०१८ मध्ये याहून पुढे जाऊन त्या रेषेखालची जमीन राज्याचीच असल्याचे स्पष्ट केले. मला स्वतःला हे दोन्ही निकाल न्याय्य वाटतात, पण सहा आकडी जादा किंमत ‘खासगी पुळणी’साठी मागितली जात असेल, तर ती कशासाठी मागितली जात आहे हे घेणाऱ्याला माहीत असावे.

मुले सुटीत मित्रांना घेऊन येतील, म्हणून आणखी एक सांगतो. लेक मिशिगनच्या लाटा आणि धक्क्यांलगतचे प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यांनाही ओढून नेतात, आणि खासगी पुळणीवर ना झेंडा असतो, ना जीवरक्षक. जवळच्या राज्य उद्यानात दुहेरी लाल झेंडे लागले असतील तर तेथे पाण्यात उतरण्यास बंदी असते. त्या दिवशी आपल्या जिन्यावरूनही कुणी उतरू नये.

घर घ्यावे का, या प्रश्नाचे उत्तर मोजणीदाराने दिलेल्या अंतरावर अवलंबून आहे. कडा घरापासून शंभर फुटांच्या आत असेल आणि मागे जागा नसेल, तर मी हे घर घेणार नाही. त्याऐवजी साउथ हेवन शहरातच, सार्वजनिक किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर घेता येईल. कडा, जिना आणि बांध यांची चिंता तेथे नसते, आणि पाणी तेच असते.

प्रश्न : राज्याच्या मध्यभागी एका मोठ्या तळ्याकाठची घरे आश्चर्यकारक स्वस्त आहेत. एजंट म्हणतो की हे तळे धरणामुळे झालेले आहे, पण त्याने काही फरक पडत नाही. खरोखर पडत नाही का? (लान्सिंग येथील वाचक)

उत्तर : पडतो. मिडलंड आणि ग्लॅडविन काउंटीतील लोकांना विचारून पाहा. टिटाबवासी नदीवर १९२० च्या दशकात वीजनिर्मितीसाठी बांधलेले एडनव्हिल धरण १९ मे २०२० रोजी अतिवृष्टीनंतर फुटले. त्यामागचे विक्सम लेक काही तासांत रिकामे झाले, खालचे सॅनफर्ड धरणही गेले आणि सुमारे दहा हजार लोकांना घरे सोडावी लागली. ज्यांची घरे पुरातून वाचली, त्यांच्या डॉकसमोर दुसऱ्या दिवशी चिखलाचे मैदान होते. या धरणाची सांडव्याची क्षमता अपुरी आहे, हे नियामकांना वर्षानुवर्षे माहीत होते, आणि त्याच कारणाने संघीय ऊर्जा नियामक आयोगाने खासगी मालकाचा वीजनिर्मितीचा परवाना २०१८ मध्ये रद्द केला होता. पुनर्बांधणीसाठी सरकारी निधी मिळाला, तरी खर्चाचा काही भाग विशेष आकारणीच्या रूपाने तळ्यांभोवतीच्या मालकांवर टाकण्यात आला, आणि त्यावरून न्यायालयीन वादही झाले.

याचा अर्थ धरणामागच्या तळ्याकाठी घर घेऊ नये असा नाही. मिशिगनमधील कितीतरी तळी पूर्णतः किंवा अंशतः बांधाने धरलेली आहेत. चार गोष्टी मात्र आधी विचाराव्यात. धरण कुणाच्या मालकीचे आहे, काउंटीच्या की कंपनीच्या? तळ्याची कायदेशीर पातळी न्यायालयाने ठरवून दिली आहे का, आणि ती राखण्याची जबाबदारी कुणावर आहे? धरणाचा शेवटचा तपासणी अहवाल काय म्हणतो? आणि दुरुस्तीची आकारणी मंजूर झाली असेल किंवा चर्चेत असेल, तर दरवर्षी किती व किती वर्षे? धरणांच्या राष्ट्रीय यादीत मालक, बांधकामाचे वर्ष आणि धोक्याची वर्गवारी पाहता येते. ‘उच्च धोका’ या वर्गवारीचा अर्थ धरण कमकुवत आहे असा नसून, ते फुटल्यास खाली जीवितहानी संभवते असा आहे. धरणाची प्रकृती वेगळ्या रकान्यात असते. ही घरे स्वस्त का आहेत याचे उत्तर बहुधा चौथ्या प्रश्नात सापडेल.

प्रश्न : तळ्याकाठचे जे घर आम्ही घेत आहोत, त्याचा मालमत्ता कर सध्याची मालकीण वर्षाला साडेपाच हजार डॉलरच्या आसपास भरते. बँकेच्या हिशेबात आम्ही तोच आकडा धरला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि जुन्या मालकांची घरे जास्त असलेल्या तळ्याकाठी तर मुळीच नाही. १९९४ च्या प्रपोझल ए या घटनादुरुस्तीनंतर मिशिगनमध्ये घराचे करपात्र मूल्य वर्षाला महागाईच्या दराने किंवा पाच टक्क्यांनी, यांपैकी जे कमी असेल तेवढेच वाढते. घर विकले गेले की पुढच्या वर्षी ती मर्यादा उठते आणि करपात्र मूल्य बाजारभावाच्या साधारण निम्म्यावर आणून ठेवले जाते. समजा, बाजारभाव सहा लाख आहे, पंचवीस वर्षे राहिलेल्या मालकिणीचे करपात्र मूल्य १ लाख ४० हजार आहे आणि स्थानिक दर हजारी ४० डॉलर आहे. ती ५,६०० भरते. तुमचे मूल्य तीन लाखांच्या आसपास जाईल आणि तुम्हाला सुमारे १२,००० भरावे लागतील. हेच घर राहते घर नसून उन्हाळ्यासाठीचे दुसरे घर असेल, तर शाळांसाठीचा हजारी १८ डॉलरपर्यंतचा जादा कर लागू होतो, म्हणजे या उदाहरणात आणखी ५,४००. बँकेला यातील योग्य तो आकडा द्यावा, नाहीतर दुसऱ्या वर्षी एस्क्रो खात्यात, म्हणजे कर आणि विमा भरण्यासाठी हप्त्यातून पैसे साठवले जातात त्या खात्यात, खड्डा पडून मासिक हप्ता अचानक वाढतो.

भाड्याने देऊन हा कर भरून निघेल असा विचार असेल तर आधी गावाचा नियम वाचावा. न्यू बफेलो शहराने २०२० मध्ये अल्पमुदतीच्या भाड्याच्या नव्या परवानग्या थांबवल्या आणि पुढे निवासी विभागांत त्यांवर निर्बंध आणले. इतर किनारी गावांतही हा विषय सतत पेटलेला असतो, शिवाय असोसिएशनचा नियम गावापेक्षा कडक असू शकतो. खरेदी झाल्यावर ४५ दिवसांच्या आत मालमत्ता हस्तांतरणाचे प्रतिज्ञापत्र स्थानिक असेसरकडे, म्हणजे करासाठी घराचे मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यावे, आणि तुम्ही तेथेच राहणार असाल तर राहत्या घराच्या सवलतीचा अर्ज १ जूनपूर्वी पोहोचेल असे पाहावे. तो उशिरा गेला तर त्या उन्हाळ्याच्या बिलात जादा कर येतो.